सौसरच्या वाटेवरील मुक्काम

नागपूरहून उत्तरेस निघालेला रस्ता सावनेरला दुभंगतो. एक फाटा केळवदवरून पांढुर्णा, मुलताई, बैतूल करीत भोपाळकडे जातो. दुसरा सौसरवरून सातपुड्याचा घाट चढून छिंदवाड्यास पोहोचतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे पांढुर्णा व सौसर ही गावे सीमेपलीकडची झाली. परंतु तेथील माणसांची बोली काही सीमा पाहून बदलली नाही. २०२३ साली हे दोन्ही तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. दुकानांच्या पाट्या हिंदीत आणि दुकानदाराचे बोलणे वऱ्हाडी मराठीत, असा गोड मिलाफ तेथे आजही पाहावयास मिळतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस कापसाची शेते आणि संत्र्यांच्या बागा. हिवाळ्याच्या तोंडाशी तर नारिंगी फळांनी लवलेली झाडे पाहून प्रवाशाचा शीण निम्मा होतो.

गेल्या आगमनकाळात या वाटेने जाण्याचा योग आम्हांस आला. सौसर येथे दिलेल्या आमच्या भाचीस मुलगा झाला होता व त्याचा बाप्तिस्मा रविवारी छिंदवाड्यास व्हावयाचा होता. पांढुर्ण्यास आमच्या आत्याबाई राहतात. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, परंतु कान मात्र तरुणाचे. शुक्रवारी त्यांस बरोबर घ्यावे, सायंकाळपर्यंत सौसर गाठावे आणि रविवारी पहाटे घाट चढावा, असा बेत ठरला. मोटार आमची जुनी. ती चालविणारा आमचा मुलगा, सूनबाई, दोन नातवंडे, आम्ही उभयता आणि वाटेत आत्याबाई, अशी सात माणसे. आरशाखाली संत ख्रिस्तोफरचे पदक टांगलेले. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी पार करणाऱ्या त्या संताकडे पाहून आम्ही खुशाल निर्धास्त होतो.

वास्तविक निर्धास्त असण्याचे काही कारण नव्हते. पावसाळ्यात एका खड्ड्यात डावे पुढचे चाक जोरात आदळले होते. त्यानंतर गाडी सरळ रस्त्यावर धावत असताही स्टिअरिंगचे चक्र किंचित तिरपे राहू लागले. डाव्या टायरची आतली कड झिजली. एका शहरी कारखान्यात दाखविले, तेव्हा टायर खराब आहे असे सांगून नवा टायर बसविण्यात आला. तोही चार महिन्यांत तसाच झिजू लागला. शिवाय गतिरोधकावरून जाताना पुढून ‘टक्’ असा आवाज येई. आम्ही रेडिओ थोडा मोठा करीत असू. दुखणे अंगावर काढण्याची सवय मनुष्य आपल्या मोटारीसही लावतो, ती अशी.

या भागातील काळ्या मातीचा स्वभाव शेतकरी वाचकांस सांगावयास नको. पावसात ती फुगते, उन्हात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ताही तिच्याबरोबर वर-खाली होतो. मग त्यास लाटा पडतात, कडा तुटतात, खड्डे होतात. त्यावरून संत्र्यांनी व कापसाने लादलेले ट्रक धावतात. चाकाला बसणारा प्रत्येक धक्का पाटे, स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर, रबरी बुश आणि लोखंडी सांधे यांनी झेलावयाचा असतो. आत बसलेल्यांस त्याची वार्ताही लागत नाही. घरातील कष्टाळू आईप्रमाणे हे भाग गप्प राहून भार वाहतात आणि आपण त्यांच्याकडे वर्षानुवर्षे पाहत नाही.

पांढुर्ण्यास पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. गावाजवळून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधील याच पात्रात पळसाचे झाड रोवून गोटमार होते आणि दोन्ही तीरांवरची माणसे दरवर्षी जखमी होतात. आत्याबाईंनी लहानपणापासून पाहिलेल्या त्या जखमांची आठवण पुलावरून जाताना आम्हांस झाली. गोट्याचा घाव निदान दिसतो, रक्त वाहते, लोक धावून येतात. यंत्राच्या पोटात बसलेला घाव कोणास दिसत नाही, हे त्याच सायंकाळी आम्हांस उमगावयाचे होते.

चहापाणी आटोपून आत्याबाईंना पुढच्या बाजूस बसविले व गाडी सौसरच्या दिशेने काढली. शंभर पावले गेलो नसू, तोच त्यांनी हात वर केला. “थांबव रे. हे चाक बोलून राह्यलं.”

मुलगा हसून म्हणाला, “आजी, जुनी गाडी आहे, थोडा आवाज करणारच.”

“जुनं मानूस बोललं त आयकतं, अन् जुनी गाडी बोलली त काहून नाही आयकत?”

यावर उत्तर नव्हते. आत्याबाईंचे बालपण दमणीत बसून शेतात जाण्यात गेलेले. चाक आसावरून निसटू नये म्हणून ठोकलेली खीळ सैल झाली, किंवा वंगण आटले, तर चाकाचा सूर बदलतो आणि शहाणा गाडीवान तेथेच बैल सोडतो, हे त्यांस वडिलांनी शिकविले होते. आम्ही शिकलेली माणसे तेवढे शिकलो नव्हतो.

जवळच एका कडुलिंबाखाली मोटारदुरुस्तीचे लहानसे दुकान होते. मिस्त्री पन्नाशीचे, मितभाषी. त्यांनी आवाजाची चौकशी करण्यापूर्वी खाली बसून टायरवरून तळहात फिरविला. एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. मग आमच्या मुलाचा हात धरून तसाच फिरविला. एका दिशेने टायर गुळगुळीत लागे, दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखा खरखरीत. मिस्त्री म्हणाले, “टायर चोर नाही जी, टायर साक्षीदार आहे.” पुढची दोन्ही चाके समोरच्या बाजूस एकमेकांपासून किंचित फाकली, की प्रत्येक चाक धावताना थोडे फरफटत जाते, आतली कड खाते आणि असे दात पडतात. हवा कमी असली तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात. हवा जास्त असली तर मधला भाग. टायरवर जागोजागी वाट्यांसारखे खळगे पडले, तर शॉकॲब्सॉर्बर थकले असावेत किंवा चाकाचा तोल गेला असावा. चार महिन्यांत दोन टायरांनी आमच्याविरुद्ध साक्ष दिली होती आणि आम्ही साक्षीदारासच शिक्षा करून मोकळे झालो होतो!

नंतर त्यांनी गाडीचा डावा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. सुस्थितीतील गाडी एकदा वर येऊन स्थिरावते. आमची चारदा डुलली. शॉकॲब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ व त्यावर धुळीचा थर होता. मग सपाट, टणक जागा पाहून मागच्या चाकांना दगड लावले, जॅकने पुढचा भाग उचलला आणि खाली लाकडी ठोकळे रचून गाडी त्यांवर टेकविली. “जॅक उचलासाठी, भरोशासाठी नाही,” असे ते मुलास म्हणाले. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, हा नियम वाचकांनी घरातील मुलांस आवर्जून सांगावा.

त्यांनी चाक प्रथम घड्याळातील बारा व सहा या जागी धरून हलविले. वर-खाली असा खेळ जाणवला, तर दोष बॉल जॉइंटमध्ये, जुन्या गाड्यांत किंग पिनमध्ये, अथवा चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो. तेवढ्यात कोणी ब्रेक दाबून धरला आणि खेळ नाहीसा झाला, तर बेअरिंग; ब्रेक दाबूनही राहिला, तर सांधा. आमच्या चाकात या दिशेने काही आढळले नाही. मग नऊ व तीन या जागी हात ठेवून चाक डावी-उजवीकडे हलविले, आणि तोच ‘टक्’ असा आवाज झाला. चार महिने रेडिओखाली दाबलेला तो आवाज आता त्या शांत सावलीत सर्वांनी स्पष्ट ऐकला.

दोष टाय रॉडच्या टोकाच्या सांध्यात होता. येथे थोडे विषयांतर करून हा टाय रॉड म्हणजे काय ते सांगणे अवश्य आहे. चार चाकांचे वाहन वळते तेव्हा आतले चाक लहान वर्तुळात फिरते व बाहेरचे मोठ्या वर्तुळात. म्हणून दोन्ही चाके सारखी वळवून चालत नाही, आतले थोडे अधिक वळावे लागते. म्युनिक येथील लांकेनश्पेर्गर नावाच्या घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिराने हे साधण्याची युक्ती शोधली आणि रुडॉल्फ ॲकरमान यांनी १८१८ साली इंग्लंडात तिचे पेटंट घेतले. मोटारी तेव्हा जन्मासही आल्या नव्हत्या. आजच्या मोटारीची चाके त्याच तत्त्वावर वळतात, आणि चाकांना वळविण्याचे काम लोखंडी दांडे करतात. त्यांच्या टोकास गोल डोक्याची खुंटी एका वाटीत बसविलेली असते, आपल्या खुब्याच्या सांध्यासारखी. वर रबरी टोपी असते व आत ग्रीस. आपण समजतो की चाके आपल्या हातात आहेत. प्रत्यक्षात हात आणि चाक यांच्यामध्ये असे सांधे एकामागून एक ओवलेले असतात, आणि त्यांपैकी एक जरी सुटला तरी हातातील चक्र केवळ शोभेचे उरते.

आमच्या सांध्याची टोपी फाटलेली होती. फटीतून पाणी व धूळ आत गेली, ग्रीस वाहून गेले आणि गोळा व वाटी एकमेकांस खात बसली. मिस्त्रींनी सांधा सोडवून आमच्या हातात दिला. चांगल्या सांध्याची खुंटी बोटांनी हलविणे जड जाते. ही पिकल्या दातासारखी डुलत होती. एवढ्यावरही संपले नाही. दांडा सपाट फरशीवर ठेवून गडगडविला, तेव्हा तो उड्या घेत गेला. खड्ड्यातील त्या आघाताने दांडाच वाकला होता.

आता खरा प्रश्न उभा राहिला. सायंकाळ झालेली, सौसरला भाचीने पाहुण्यांस जेवावयास बोलाविलेले, आणि आमच्या गाडीचा दांडा व सांधा पांढुर्ण्यात मिळेना. भोवती जमलेल्यांपैकी एकाने उपाय सुचविला: लोहाराकडे दांडा तापवून सरळ करून घ्यावा, सांध्यावर वेल्डिंगचा ठिपका मारावा, चाळीस किलोमीटरचा तर प्रश्न! आम्हांसही तो उपाय पटू लागला, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. दुप्पट मजुरी देण्याची भाषाही आम्हीच काढली.

मिस्त्रींनी हात पुसले आणि विचारले, “गाडीत कोन कोन बसते जी?”

आम्ही बोटे मोजून सांगितले. त्यांनी कडुलिंबाखाली बाकावर बसलेल्या आत्याबाईंकडे आणि खेळणाऱ्या नातवंडांकडे पाहिले.

“मंग हे काम माह्या हातून नाही होनार. सरळ करून देतो मी, दिसनही सरळ. पन घाटात कधी तुटन, ते ना मले सांगता येते ना तुमाले.”

मग त्यांनी कारणही समजाविले. हा दांडा विशिष्ट पोलादाचा, ठराविक बळासाठी घडविलेला असतो. एकदा वाकला की पोलादास डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असू शकतात. आगीत तापविला की त्यास दिलेले पाणी उतरते, वेल्डिंगच्या कडेचा भाग ठिसूळ होतो. बैलगाडीची धाव लोहाराने तापवून बसवावी, ती त्याची विद्या आहे. परंतु स्टिअरिंगचा कोणताही भाग वाकला, तडकला वा झिजला, तर तो बदलावयाचा, दुरुस्त करावयाचा नाही. गळका शॉकॲब्सॉर्बर हळू चालवून आठवडाभर निभावता येईल, पण सुटू पाहणारा सांधा पुढच्या वळणापर्यंतही निभावत नाही. काय थांबू शकते आणि काय थांबू शकत नाही, हा विवेक ज्यास आहे तोच खरा कारागीर, असे आम्हांस त्या क्षणी वाटले.

नागपूरला दूरध्वनी झाला. नवा दांडा व सांधा सकाळच्या बसने येईल, असे ठरले. भाचीस कळविले, तेव्हा ती प्रथम रागावली, मग रडली, आणि सर्व हकिकत ऐकून शेवटी म्हणाली, “मामा, जेवण उद्या पुन्हा करता येईल.” त्या रात्री आत्याबाईंच्या घरी आम्ही सातही जणांनी एकत्र गुडघे टेकून रोझरी म्हटली. आत्याबाईंनी उपकारस्तुतीच्या प्रार्थनेत मिस्त्रींचेही स्मरण केले. मनुष्य ख्रिस्ती नव्हता, परंतु शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा त्याने आमच्यापेक्षा चांगली पाळली होती, ही गोष्ट आमच्या मनातून जाईना.

शनिवारी सकाळी सामान आले. मिस्त्रींचे काम पाहण्यासारखे होते. केवळ टोक बदलावयाचे असते, तर जुने किती फेऱ्यांत सुटते ते मोजून नवे तितक्याच फेऱ्यांनी बसविले असते. येथे दांडाच नवा, म्हणून त्यांनी गाडीच्या बाजूंनी दोरी ताणून चाकांची दिशा जुळविली. खुंटीवर मुकुटासारख्या खाचांचा नट आवळला. पिनेचे छिद्र व खाच जुळेना, तेव्हा नट सैल न करता पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळला. जुनी स्प्लिट पिन सरळ करून घालता आली असती. त्यांनी ती फेकून नवी घातली. आत्याबाई म्हणाल्या, “हीच आमच्या दमणीची खीळ.” मिस्त्री प्रथमच हसले. मजुरी त्यांनी नेहमीचीच घेतली, एक पैसा अधिक घेतला नाही. आणि दोरीचे माप कच्चे असते, छिंदवाड्यास यंत्रावर व्हील अलाइनमेंट करून घ्या व पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर जोडीने बदला, असे बजावले. एकच बदलला, तर गाडीचा एक पाय धट्टा आणि एक लंगडा होतो.

दुपारी सौसरला पोहोचलो. रविवारी पहाटे धुक्यात सातपुड्याचा घाट चढलो. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस दरी, समोरून उतरणारे ट्रक. मुलाच्या हातातील चक्र आता स्थिर होते व चाके त्याचे ऐकत होती. प्रत्येक वळणावर आमच्या मनात तो वाकलेला दांडा येई. मागच्या आसनावर सूनबाईंच्या मांडीवर धाकटा नातू झोपी गेला होता. कोणी काही बोलले नाही.

बाप्तिस्मा यथासांग झाला. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात योहान बाप्तिस्टा रानातून हाक देतो आणि प्रभूची वाट सरळ करावयास सांगतो. फादरांचे प्रवचन अंतःकरणाच्या वाटेवर होते. आम्ही मात्र मनाशी म्हणत होतो, की आमच्या अंतःकरणातही असाच एक ‘टक्’ पावसाळ्यापासून वाजत होता, आणि त्यावरही आम्ही रेडिओ मोठा केला होता. सात माणसांच्या जिवापेक्षा एका जेवणाची वेळ आम्हांस मोठी वाटली होती. ते पापनिवेदनात सांगण्याजोगेच होते, आणि नाताळापूर्वी आम्ही ते सांगितलेही.

वाचकहो, आता गावोगाव मोटारी झाल्या आहेत. कोणाकडे स्वतःची, कोणाकडे भाड्याची; लग्न, यात्रा, दवाखाना यांसाठी आपण दाटीवाटीने बसतो. स्टिअरिंगचे चक्र तिरपे राहू लागले, गाडी एका बाजूस ओढू लागली, चक्र फिरवूनही चाक क्षणभर ऐकेना, टायर एका कडेने झिजला, गाडी एका कोपऱ्यात बसली, पाट्यांपैकी एखादा तडकला किंवा खड्ड्यात चाक जोरात आदळले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. रबरी टोप्या फाटल्या आहेत काय हे दर पावसाळ्यानंतर पाहावे. वेळीच पाहिली तर टोपी स्वस्त आहे. दबलेली स्प्रिंग घरी सोडण्याचे धाडस मात्र कोणी करू नये. ती सुटली तर माणूस जायबंदी करते. प्रवाशांच्या कैवाऱ्याचे पदक आम्ही आजही गाडीत ठेवतो. परंतु पदक टांगले म्हणजे ग्रीस भरण्याचे कर्तव्य संपत नाही, हे आता ठाऊक झाले आहे.

तो झिजलेला सांधा मिस्त्रींनी कागदात गुंडाळून आम्हांस दिला होता. किल्ल्यांच्या खुंटीशेजारी तो ठेवला आहे. गाडी बाहेर काढण्यापूर्वी मुलगा कधीकधी तो उचलून हलवितो. खुंटी डुलते, ‘टक्’ असा आवाज होतो, आणि मग तो गाडीचे चाक तपासावयास खाली बसतो.